टेलर मॅडमचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच का?

रावपुऱ्याचा_मास्तर

राम राम मंडळी. वय ७१, मुक्काम बडोदे. रावपुऱ्यात आमचं शिलाईचं दुकान होतं, वडिलांनी घातलेलं. आडनाव शिंपी, धंदा शिंप्याचा, जात शिंपी. म्हणजे एकाच कापडाचा शर्ट, पँट आणि टोपी. दुकान मिटवून सहा वर्षं झाली. एक जुनं पायमशीन आणि वडिलांची मोठी कात्री तेवढी घरी आणली.

नातू इंग्लंडात लेस्टरला तिसरीत आहे. शाळेत ‘माझं आडनाव’ म्हणून काहीतरी लिहून न्यायचंय. वर्गाच्या बाई मिसेस टेलर. पठ्ठ्याने भर वर्गात उठून सांगितलं की बाई, तुमचं आणि माझं आडनाव एकच आहे. वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत, म्हणाल्या, घरी विचारून ये. आता घरी विचारणार कोणाला? मुलगा कॉम्प्युटरवाला, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून प्रश्न व्हिडिओ कॉलवरून माझ्याकडे आला.

मुलाने आधी एक उद्योग करून ठेवलाय, तोही सांगतो. आडनावांचा इतिहास विकणाऱ्या एका साइटला पैसे भरून ‘शिंपी घराण्याचा इतिहास’ मागवला. फ्रेम करून आला. वर ढाल, ढालीवर सिंह, खाली लॅटिनमध्ये काहीतरी. आणि मजकूर असा, की हे एक प्राचीन योद्ध्यांचं घराणं आहे. माझ्या बापाने उभ्या आयुष्यात पेपरवेटसुद्धा कोणावर उगारला नाही! सूनबाईंनी ती फ्रेम शू-रॅकच्या मागे ठेवली, ते बरं केलं.

तर जाणकारांना विचारतो:

टेलर हे आडनाव खरंच शिंप्याचं, की नुसता उच्चार जुळतो? दुकानाच्या पाटीवर लिहितात त्या टेलरच्या स्पेलिंगमध्ये आय असतो आणि बाईंच्या नावात वाय आहे, हे मी पाहिलंय. पाटी मीच रंगवून घेतली होती.

जगात असे टेलर आहेत तरी किती? नातवाला आकडा हवाय. आकड्याशिवाय बाई मार्क देत नाहीत म्हणे.

आणि त्या सगळ्यांचे पूर्वज शिंपी होते का?

---

दांडियाबाजारची_माई

मास्तर, नमस्कार. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पहिला प्रश्न माझा.

आडनाव शिंप्याचंच. पण शब्द मुळात इंग्रजांचा नाही. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच आली. तिच्यात ‘तैय्ये’ म्हणजे कापणे, आणि कापणारा तो तैय्यर. त्याच्याही मागे लॅटिन ‘तालेआ’, म्हणजे तोडलेली काठी, छाट. त्याआधी इंग्लंडात शिवणाऱ्याला स्वतःचा शब्द होता, ‘सीम’ म्हणजे शिवण यावरून झालेला. तो मागे पडला आणि साहेबी शब्द गावभर झाला. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर ‘शिंपी’ जाऊन ‘टेलर्स’ आलं, तसंच.

आता गंमत बघा. टेलर म्हणजे शिवणारा नव्हे, कापणारा. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कापड बेतणे. टेलर म्हणजे बेतणारा! जर्मनांचा श्नायडर कापण्यावरूनच, हंगेरीतला साबोही कापण्यावरूनच, आणि ते तिथलं अगदी गल्लोगल्ली सापडणारं आडनाव. उलट आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा ‘दरजी’ फारसी ‘दर्ज़’वरून आलाय, म्हणजे शिवण. स्पॅनिश सास्त्रे ज्या लॅटिन शब्दावरून आलं, त्याचा अर्थ ठिगळ लावणारा, दुरुस्ती करणारा. धंदा एकच, पण कोणी कात्री धरली, कोणी सुई, कोणी ठिगळ.

त्याच फ्रेंच शब्दापासून ‘रिटेल’ निघाला: पुन्हा कापून, तुकड्यांनी विकणे. म्हणजे आपलं कटपीस. आणि बडोद्यातला प्रत्येक दुकानदार ज्या ‘टॅली’त हिशेब ठेवतो तो शब्दही त्या लॅटिन काठीचाच, कारण पूर्वी काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत.

वायचं म्हणाल तर जुन्या लेखनात वाय आणि आय यांची अदलाबदल सर्रास चाले. पुढे शब्दाचं स्पेलिंग आयवर बसलं, आडनावात मात्र जुना वाय राहून गेला. स्मिथचं स्मिथ वायने लिहिणारे आहेतच की.

---

इतिहासवेडा_नवापुरा

माईंनी सोपं करून सांगितलं, पण टेलर हे लढवय्यांचंही नाव आहे. विल्यमने इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्जच्या लढाईत त्याच्या नॉर्मन सैन्यापुढे तलवार उडवत, झेलत, गात चाललेला ताय्यफेर नावाचा वीर होता. त्यावरून टेलर. तेव्हा फ्रेमवाले अगदीच खोटं बोलत नसावेत.

---

दांडियाबाजारची_माई

ताय्यफेर म्हणजे लोखंड कापणारा. त्याच्यावरून जे आडनाव झालं ते टेल्फर, टेलर नव्हे. दोन्हींत ‘कापणे’ आहे म्हणून गल्लत होते. आणि टायलर तिसराच, तो कौलं घालणारा. तिघांना एका पंगतीला बसवू नका.

ढालीचं सांगते. इंग्लंडात ढाल-चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशाला जातं. तिथे ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ नावाची संस्था १४८४ पासून हेच काम करते. टेलर आडनावाच्या एखाद्याला चिन्ह मिळालं म्हणून साऱ्या टेलरांनी ते भिंतीवर लावायचं, हे म्हणजे लक्ष्मीविलास राजवाडा गायकवाडांचा, म्हणून गावोगावच्या गायकवाडांनी त्यावर हक्क सांगण्यासारखं.

---

आकडेमोड_कारेलीबाग

आकडे माझ्याकडून घ्या काका. नोकरी आकड्यांतच गेली.

सगळ्या जगाचा आकडा देणाऱ्या साइट्स अंदाजे ठोकतात, नातवाला ते देऊ नका. अमेरिकेचा जनगणना विभाग मात्र रीतसर मोजून यादी काढतो. २०१० च्या यादीत किमान १०० माणसं असलेली १,६२,२५३ आडनावं आहेत. पहिला नंबर स्मिथचा, २४,४२,९७७. टेलर ७,५१,२०९, नंबर सतरावा. आधीच्या २००० च्या यादीत टेलर होते ७,२०,३७० आणि नंबर तेरावा.

माणसं तीस हजारांनी वाढली आणि नंबर चारने घसरला, कसा? हर्नांडेझ, लोपेझ आणि गोन्झालेझ ही तीन स्पॅनिश आडनावं मागून येऊन पुढे गेली. चौथा थॉमस, तो टेलरच्या लगेच मागे होता, त्याने थोडक्यात गाठलं. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर लाखात सुमारे २६७ टेलर होते ते २५५ झाले. नातवाला हा हिशेब करायला लावा, नुसता आकडा उतरवण्यापेक्षा बाई खूश होतील.

इंग्लंडात हे आडनाव वरच्या पाच-सहांत सहज बसतं. स्मिथ, जोन्स, विल्यम्स, ब्राउन यांच्या पंगतीला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. अमेरिकेतल्या टेलरांत चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. त्यांचे पूर्वज काही नॉर्मन राजवटीत कोट बेतत नव्हते. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि १८७० च्या जनगणनेत ही सगळी माणसं पहिल्यांदा नावा-आडनावानिशी नोंदली गेली. कोणी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, कोणी आवडलं ते घेतलं. त्यामुळे साडेसात लाख टेलर म्हणजे साडेसात लाख शिंप्यांची पोरं, हे गणित चुकीचं.

---

टेलर_आयवाला

मी गुजराती, पण शाळा मराठी मित्रांबरोबर, चूकभूल माफ करा. आमचं आडनाव टेलर, आयवालं! आजोबांपर्यंत दरजी, वडिलांनी टेलर केलं. सुरत-बडोद्याकडे अशी घरं भरपूर आहेत. आडनाव बदललं, पण गिऱ्हाईक अजून ‘दरजीभाई’ म्हणूनच हाक मारतं.

माझ्या बहिणीचं एका सरकारी कागदात कारकुनाने आय काढून वाय घातला. वर म्हणाला, बेन, तुमचं स्पेलिंग चुकलं होतं, मी सुधारलं. ते परत आय करायला प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि चौदा महिने. तेव्हा मास्तरकाका, एका अक्षराची किंमत आम्हाला विचारा.

लेस्टरला आमचे नातेवाईक आहेत, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून काढलं त्यातले. त्यामुळे तुमच्या नातवाच्या शाळेत दोन्ही टेलर सापडतील, वायवाले आणि आयवाले.

---

दांडियाबाजारची_माई

शेवटचं एक, मग थांबते. मास्तर, कापडाचा अख्खा धंदा इंग्रजांच्या आडनावांत आहे. विणणारे वेब, वेबस्टर, म्हणजे आपले कोष्टी, साळी. रंगवणारे डायर आणि लिस्टर, म्हणजे रंगारी. विणलेलं ओलं कापड पायाने तुडवून घट्ट करणाऱ्याला दक्षिणेत फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर. आपण तोंडाला लावतो त्या मुलतानी मातीला इंग्रजीत ‘फुलरची माती’ म्हणतात, कारण त्या तुडवण्यात कापडाचं तेल काढायला ती वापरत. १८०२ मध्ये आपल्या बडोद्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आलेला अलेक्झांडर वॉकर स्कॉटलंडचा. गायकवाडांच्या दरबारात रुबाबात बसत असेल, पण आडनावाने कापड तुडवणारा!

ही आडनावं पिढीजात व्हायला इंग्लंडात साधारण १४०० उजाडलं. त्याआधी मुलगा खाटीक झाला तर त्याचं नाव बदले. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसवली, तिच्या याद्यांत माणसापुढे धंदा लिहिलेला दिसतो. १५३८ पासून चर्चमध्ये बारशा-लग्नाच्या वह्या ठेवायचा हुकूम झाला आणि नावं शाईत पक्की झाली. आपल्याकडे फडणीस, पोतनीस, चिटणीस असेच अडकले. काम सुटलं, नाव राहिलं.

‘शिंपी’बद्दल एक गोष्ट सांगतात, की नामदेव महाराज शिंपल्यात सापडले म्हणून शिंपी. गोष्ट गोड आहे, पण ते सापडले ते दामाशेटींना, आणि दामाशेटी आधीच शिंपी होते. तेव्हा ती नातवाला गोष्ट म्हणूनच सांगा.

---

रावपुऱ्याचा_मास्तर

माई, ‘बेतणारा’ वाचलं आणि रात्री झोप नाही लागली.

आमच्या दुकानात सहा जण होते. पाच कारागीर, ते टीप मारायचे, काजं करायचे, तुरपाई करायचे. कात्रीला हात फक्त वडिलांचा. गिऱ्हाइकाने कापड टेबलावर टाकलं की ते आधी तळव्याने सपाट करायचे, आडवा-उभा धागा बघायचे, मग खडू. खडू ते कधी विकतच्या आकाराचा वापरत नसत, ब्लेडने घासून धार काढायचे, रेघ केसासारखी यायची. रेघ मारली की पाच-दहा सेकंद थांबायचे. तेव्हा दुकानात कोणी बोलायचं नाही. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चालली की संपलं. तो थांबण्याचा वेळ म्हणजेच मास्तरकी, असं मी समजत होतो. टेलर शब्दात तेच निघालं. मला कात्री मिळाली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तोवर काजं.

आयवाले भाई, तुमच्या बहिणीचे चौदा महिने वाचून वाईट वाटलं. इतिहासवेडेसाहेब, राग मानू नका, पण आमच्याकडे तलवार नव्हतीच, कात्री होती. तिला धार लावायला मांडवीला जायचो.

काल नातवाला कॉलवर बसवलं. आकड्यांचा हिशेब त्याने मुलाच्या मदतीने केला, हर्नांडेझचा उच्चार मात्र तिघांनाही जमला नाही. मग म्हटलं, वर्तमानपत्र घे. मी इकडे, तो तिकडे, दोघांनी कागदावर शर्टाची कॉलर बेतली. आज ती शाळेत नेली. बाईंनी वर्गाला सांगितलं म्हणे, की आमच्या घरात कोणालाच बटण लावता येत नाही, आणि ती कॉलर फळ्याशेजारी टाचून ठेवली. फोटो आलाय. टोक एका बाजूला अर्धा इंच लांब झालंय. मी त्याला रेघेवर थांब म्हणालो होतो, थांबला नाही.