काइटबोर्डिंग: उपेक्षित खेळ की हौशी लोकांचा पतंग?

वाऱ्यावरची_वरात: काल रंकाळ्यावर भेळ खाताना वाद पेटला, तो इथं आणतोय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मारलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच ऑलिंपिकमध्ये, २०२४ लाच, मार्सेच्या समुद्रात काइटबोर्डिंग, म्हणजे पायाखाली फळी आणि मोठ्या पतंगाच्या ओढीवर पाण्यावरनं पळायचं, पहिल्यांदा पदकासाठी खेळलं गेलं. कट्ट्यावरच्या सात जणांत एकालाही पत्ता नव्हता! सिंगापूरच्या मॅक्स मेडरनं सतराव्या वर्षी त्यात ब्राँझ घेतलं. वेग म्हणाल तर रॉब डग्लसनं २०१० मध्ये नामिबियात नुसत्या पतंगाच्या ओढीवर ५५.६५ नॉट गाठले, म्हणजे ताशी १०३ किलोमीटर. इंजिन नाही, काही नाही. स्केटबोर्डला, सर्फिंगला जो मान आहे तो ह्याला का नाही?

तालीमगल्ली: कारण खेळ गल्लीत मोठा होतो भावा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-प्रॅक्टिसची फुटबॉल मॅच लागली की शेजारी बसलेला अनोळखी माणूसपण रेफ्रीला आपल्याच बाजूनं शिव्या देतो. तुझा खेळाडू किनाऱ्यावरनं ठिपक्याएवढा दिसतो. पुढं कोण, मागं कोण, कळत नाही. आणि वारा पडला की सगळेच बसून. मार्सेला पुरुषांची फायनल वाऱ्यापायी दुसऱ्या दिवसावर ढकलली. वारा नाही म्हणून खासबागेत कुस्ती थांबलेली कधी ऐकलीस?

वाऱ्यावरची_वरात: मग नेमबाजीत तुला गोळी दिसते होय? स्वप्नीलचा थ्री पोझिशन प्रकार म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं, हे त्याच्या पदकाच्या आधी तुला माहीत होतं का, खरं सांग.

तालीमगल्ली: नव्हतं. पण आपली नेमबाज तेजस्विनी सावंत आधीपासनं माहीत होती. आपलं माणूस लागतंय.

कळंबेकर_ताई: मी रामेश्वरमला पाच दिवस शिकून आले, म्हणून बोलते. पहिले दोन दिवस फळीला हात लावू दिला नाही, वाळूत नुसता छोटा पतंग. गंमत अशी की घाबरलं की माणूस मूठ आवळतो, आणि इथं बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्यांचा हातातला दांडा, अंगाकडं ओढला की पतंगाची ताकद वाढते. सोडला तर ढिला पडतो. मी भ्यायले, ओढला, आणि थेट तोंडावर. दात वाजेपर्यंत वाळू! सर ओरडत होते, "सोडा, सोडा!" संकट आलं की हात सोडायचा, हे अंगात मुरायलाच तीन दिवस गेले. खेळ भारी आहे, वादच नाही. पण एका पतंगात भागत नाही. मंद वाऱ्याला मोठा, जोराच्या वाऱ्याला लहान, वर हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा, फळी. एवढा खर्च कुणाच्या घरात परवडतो? म्हणून तालीमदादांचं निम्मं पटतं.

जुना_लंगोट: पोरांनो, एक राहिलं. मे २०१२ मध्ये ह्या खेळाला रिओ ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंगच्या, म्हणजे शिडाच्या फळीच्या, जागी घेतलं आणि नोव्हेंबरात काढून टाकलं. पुढं तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१३ ला, ऑलिंपिकमधून कुस्तीच काढायची शिफारस झाली. आठवतंय? आपल्याकडं तालमीतालमीत तोच विषय. सप्टेंबरात कुस्ती परत आली, कारण तिच्यासाठी जगभर माणसं उभी राहिली. पतंगवाल्यांना पॅरिसपर्यंत थांबावं लागलं. पण ऑलिंपिकचा शिक्का मिळाला म्हणजे मान मिळाला, असंही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं पदक आणलं, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

वाऱ्यावरची_वरात: नाना, हे मात्र लागलं.

रात्रपाळीवाला: त्यातली खरी मेख कुणीच बोलेना. ऑलिंपिकमध्ये गेला तो फॉइलवरच्या शर्यतीचा प्रकार, म्हणजे फळीखालच्या पंखामुळं फळी पाण्याच्या वर उचलली जाते तो. पोरं मोबाईलवर बघतात त्या केपटाऊनच्या उड्या, कित्येक मजले वर. उड्यावाल्यांना शर्यत म्हणजे पाण्यातली बैलगाडी वाटते. घरातच एकमत नसेल तर बाहेरच्यानं कशाला टाळ्या वाजवायच्या? (बैलगाडी शर्यतवाल्यांनी राग मानू नये.)

तालीमगल्ली: तेच म्हणतोय मी! असो. रंकाळ्यात जमेल का पण?

कळंबेकर_ताई: अजिबात नाही. दोऱ्याच वीस मीटरच्या वर, काठाला इमारती, त्यांच्यामुळं वारा झटके देत येतो. पतंग तारेवर नाहीतर कुणाच्या गच्चीत. मोकळं मैदान असेल तर माझा छोटा सरावाचा पतंग आणते रविवारी.

तालीमगल्ली: मांजा काचेचा नाही ना?

कळंबेकर_ताई: साधी दोरी आहे. हेल्मेट मात्र घालावं लागेल.

तालीमगल्ली: मग येतो. फेटा काढायला लावू नका फक्त.