आईला शुगर आहे, व्हिटॅमिन डी सुरू केलंय. सीआरपी उतरेल का?

झोपाळू_मांजर: आई ७२ वर्षांची, टाइप २ डायबेटिस १५ वर्षं, मेटफॉर्मिन चालू. रिपोर्टमध्ये डी १४ आलं आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) थोडा वाढलेला. डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या ८ कॅप्सूल दिल्यात, मागच्या आठवड्यात सुरू केल्या. भाऊ म्हणतो डी वाढलं की अंगातला दाह आपोआप कमी होतो आणि शुगरही उतरते. कुणाचा अनुभव? तिला गुडघेदुखी आहेच, शिवाय पायाला मुंग्या येतात आणि हल्ली तहान फार लागते.

जुनी_वही: १४ म्हणजे कमीच, २० च्या खाली कमतरता धरतात, त्यामुळे गोळी हवीच. पण ती हाडांसाठी. दाहाचं म्हणाल तर काही ट्रायलमध्ये सीआरपी थोडा उतरला, काहींत ढिम्म. आणि उलटंही असतं बरं का, अंगात दाह असला की रक्तातलं डी स्वतःच खाली दिसतं, म्हणजे कोण कुणामुळे हे रिपोर्ट बघून कळत नाही. २०१९ च्या डीटूडी नावाच्या ट्रायलमध्ये प्रीडायबेटिस (म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर) असलेल्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज डीचे ४,००० युनिट दिले, तरी डायबेटिस व्हायचं प्रमाण म्हणावं तसं कमी झालं नाही. तेव्हा शुगर उतरेल म्हणून वाट बघू नका.

दुपारचा_चहा: सीआरपी सर्दी झाली, हिरड्या सुजल्या तरी वाढतो. आमच्या बाबांचा दाढेनं वाढवला होता, आम्ही महिनाभर हृदयाची काळजी करत बसलो 😅 आधी दात बघा आणि मग परत टेस्ट करा. मुंग्यांसाठी बी१२ तपासा, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं, डीच्या नावावर खपवू नका.

जुनी_वही: +१ बी१२ ला. आणि ताई, ती तहान कधीपासून? कॅप्सूल आठवड्याला एकच घेतायत ना? कारण डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मग तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता. शुगर वाढल्यासारखंच दिसतं आणि घरचे शुगरच मोजत बसतात. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच सांभाळा, त्यातल्या काही कॅल्शियम अडकवून ठेवतात.

झोपाळू_मांजर: तहान आधीपासून थोडी होती, पण बीपीची तीच गोळी आहे. थांबा, डबा बघून येते.

झोपाळू_मांजर: बघितलं. आठ दिवस झालेत, म्हणजे ८ पैकी ६ उरायला हव्यात. एकच उरलीय. म्हणाली, "नाश्त्यानंतर घ्यायची म्हणाले ना, मग रोज घेते." उरलेली काढून घेतली आणि डॉक्टरांना फोन केला, पुढची घ्यायची नाही, उद्या सकाळी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला सांगितलंय.

दुपारचा_चहा: बरं झालं डबा बघितला. रिपोर्ट आला की टाका इथे. आणि रात्रीत फार गुंगल्यासारखी वाटली, उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघू नका.