मदत हवी आहे: आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिला होता, त्या जागेवर लाल शिरा, कोणतं मलम लावू?

दिग्रसचा_पोरगा: शेकाची जागा कडक झाली. काळी तं होतीच, आता वरून लाल बारीक शिरा दिसून राहिल्या. खाज सुटते, हात वर केला की ओढ बसते. दुकानातून ट्यूब आणली, फरक नाही. लवकर सांगा, कापसाची वेचणी सुरू झाली.

वर्धेची_ताई: शेक कधी संपला? स्तन काढलं की फक्त गाठ? ट्यूब कोणती? ताप?

पराटीवाले_काका: हळद अन् तूप लाव बाप्पा. मायी साळी त्यानंच बरी झाली.

वर्धेची_ताई: काका, तिला शेक चालू असताना जळलं होतं ना? ते बहुतेक काही आठवड्यांत भरून येतंच. हे उशिराचं आहे, महिन्यांनी, वर्षांनीही येतं. आतली कातडी घट्ट होते, बारीक रक्तवाहिन्या फुगतात. माझ्याही आहेत, लेप लावून गेल्या नाहीत.

पराटीवाले_काका: सगळं डॉक्टरच करतात का? वेचणीचा काय भाव देऊन राहिले तिकडं?

जनसेवक_आर्णी: महात्मा फुले योजनेत शेक बसतो. राशन कार्ड, आधार घेऊन जा.

दिग्रसचा_पोरगा: शेक झाला भाऊ, योजनेतच झाला. ताई, दोन वर्षं होतील. स्तन काढलं, काखेतल्या गाठी पण. ताप नाही. ट्यूबवर बेटामेथासोन लिहिलं आहे.

अकोल्याची_सून: सासूबाईंना पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई दिलं होतं, कडकपणा कमी झाला. तेच सुरू करा.

वर्धेची_ताई: मनानं नको! ते डॉक्टर ठरवतील. बेटामेथासोन तर स्टेरॉइड आहे, रोज लावलं तर कातडी आणखी पातळ होते. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ऊन लागू देऊ नका. त्या बाजूचा हात सुजला का?

दिग्रसचा_पोरगा: हो, बांगडी चढत नाही. पोळ्यापासून.

वर्धेची_ताई: अहो, हे आधी सांगायचं! काखेतल्या गाठी काढल्यावर हातात पाणी साचतं, पण आजार परत आला नाही हेही बघावं लागतं. नवी गाठ, न भरणारी जखम असेल तर अजिबात थांबू नका. हात लाल होऊन तापला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि वेचणीला नेऊ नका. बोंडाचं टोक रुतलं तरी त्या हातात जंतू पसरतात. सुई, बीपी दुसऱ्या हातावर. शेक घेतला तिथंच दाखवा.

दिग्रसचा_पोरगा: फाईल सापडत नाही. जुनं ओपीडी कार्ड आहे फक्त.

वर्धेची_ताई: चालेल, त्यावर नंबर असतो. त्यावरून फाईल काढतात. ट्यूबही सोबत न्या.