मदत हवी आहे: लार्व्हाच्या ऑटोलिथवर वलयं दिसतच नाहीयेत

केतकी_०७:
दहा दिवसांवर प्रेझेंटेशन आलंय आणि मी तीन आठवडे इथेच अडकलेय. कुप्याच्या (ट्यूना माशाच्या) लार्व्हाचं, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं वय काढायचंय, कानातल्या खड्यावर (ऑटोलिथवर) रोज एक वलय पडतं ती मोजायची आणि तितके दिवस प्रवाहाच्या उलट मागे जायचं म्हणजे अंडी कुठे घातली त्याचा अंदाज येतो. पण काहीच दिसत नाही. कुठली लेन्स लावू? लवकर सांगा प्लीज.

समुद्रवेडा:
किती मिमीचे आहेत? कुठलं जाळं? खडा मिळतोय पण वलयं नाहीत, की खडाच मिळत नाहीये?

केतकी_०७:
४ ते ६ मिमी. बाँगो नेट (जोडजाळं), भोकं ५०० मायक्रॉनची, रत्नागिरीसमोर. बऱ्याच पिल्लांत खडाच नाही, काहींत आहे तो गढूळ. पण लेन्सचं सांगा ना.

बारकोडवाला:
वयाचं राहू दे, कुपाच कशावरून? यलोफिन आणि बिगआय या दोन जातींच्या कुप्यांची पिल्लं नुसत्या नजरेने वेगळी करणं फार अवघड. डीएनए करा, बाकी सगळं नंतर.

समुद्रवेडा:
आधी मायोमिअर (अंगावरचे स्नायूंचे पट्टे) तरी मोजू देत तिला, फुकटात होतं. बांगडा असेल तर ३१ च्या आसपास, कुपा ३९. गेदर (छोटा ट्यूना) सुद्धा ३९ च, तिथे मात्र डीएनए लागेल.

हर्णैकर:
बांगडा पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालतो म्हणून तर १ जून ते ३१ जुलै बंदी हवीच, आमच्याकडे अजून काही लोक जातात तेव्हा, फार वाईट वाटतं.

वामप्रेमी:
ताई, वय नाही निघालं तरी लांबी मोजा. योहानेस श्मिटने युरोपातल्या वाम माशाची जन्मजागा अशीच शोधली, जिथे लार्व्हा लहान लहान होत जातात तिकडे जात राहिला आणि १९२२ मध्ये सारगॅसो समुद्र सांगितला. पारदर्शक पानासारखं असतं ते पिल्लू, आधी लोकांना वेगळाच मासा वाटायचा.

समुद्रवेडा:
श्मिटने त्यात जवळपास वीस वर्षं घालवली, हिच्याकडे दहा दिवस आहेत. शिवाय गरम पाण्यात, खायला भरपूर असेल तर पिल्लू भराभर वाढतं, मग लांबीवरून वय कसं धरणार? केतकी, नमुने कशात ठेवलेत?

केतकी_०७:
फॉर्मलीनमध्ये, नेहमीसारखं. आठ महिने झाले.

बारकोडवाला:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! फॉर्मलीनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात.

समुद्रवेडा:
आणि बोरॅक्स घातलं नसेल तर ते हळूहळू आम्ल होतं, खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, तो विरघळून गेला. लेन्स कुठलीही लावा, मोजायला काही उरलेलंच नाही. पिल्लंही आखडतात, त्यामुळे लांबीसुद्धा नीट येणार नाही. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली एखादी बाटली आहे का बघा, आजच.

बारकोडवाला:
फॉर्मलीनमधूनही छोटे तुकडे निघतात हं कधीकधी, मी काढलेत.

समुद्रवेडा:
निघू देत, वय निघत नाही ना त्यातून.

केतकी_०७:
सीनियरच्या कपाटात तीन बाटल्या मिळाल्या, अल्कोहोलच्या! आज चार पिल्लं काढली, मायोमिअर ३९. खडा कसा शोधू, सुईने डोकं उघडलं की सगळा लगदाच होतोय.

समुद्रवेडा:
दोन पोलरायझिंग फिल्टर काटकोनात लावा, काळ्यावर खडा चमकतो. मग वलयं मोजायला तेलातली १०० एक्स लेन्स.

केतकी_०७:
दिसला!! नऊ वलयं आहेत, दोनदा मोजली. आता एक सांगा, पहिलं वलय अंड्यातून बाहेर आल्याच्याच दिवसाचं धरायचं की नंतरचं? त्यावर दोन दिवसांचा फरक पडतोय आणि तेवढ्यात प्रवाह बराच लांब नेतो.