सल्ला हवा: आयात तेल कमी करायचं तर सुरुवात कशापासून?

झोपाळू:
मंडळी, वादविवाद स्पर्धेत विषय आलाय, देशाने आयात तेल सोडून पर्यायी ऊर्जेकडे वळावं. मी बाजूने बोलणार आहे. सोलर, पवनचक्क्या, इथेनॉल, अणुऊर्जा, सगळ्याची डोक्यात खिचडी झालीय आणि वेळ फक्त 5 मिनिटं, म्हणजे एकच काहीतरी घट्ट धरावं लागणार. काय धरू? समोरचे कुठे पकडतील तेही सांगा प्लीज.

वायरमन:
सोलरने सुरुवात केलीस तर पहिल्याच मिनिटाला पकडतील. जगातली जेमतेम 3 टक्के वीज तेलावर बनते, बाकी कोळसा, गॅस, पाणी, अणू वगैरे, त्यामुळे कितीही पॅनल टाकले तरी वाचतो तो कोळसा नाहीतर गॅस, तेलाचं जहाज यायचं ते येतंच. उरुग्वे बघ, जवळपास सगळी वीज वारा, पाणी आणि बायोमासवर, तरी कच्चं तेल बाहेरूनच आणतात कारण गाड्या! डिझेल जनरेटरवर चालणारी छोटी बेटं किंवा शेतातले डिझेल पंप हा अपवाद, तिथे सोलर थेट तेल वाचवतं.
म्हणून आधी तेल कुठे जळतं ते सांग आणि मग इलेक्ट्रिक गाड्या धर. पेट्रोलमधली 20-30 टक्केच ऊर्जा चाकापर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. मोटर यात कितीतरी पुढे. इथिओपियाने तर 2024 मध्ये पेट्रोल-डिझेल कार आयात करणंच बंद केलं, वीज धरणांची घरचीच आणि डॉलर मात्र तेलात चाललेले.

कोरडा_विनोद:
इथेनॉल अगदीच सोडू नकोस, ब्राझील आहे ना. 1975 ला सरकारी कार्यक्रम, 1979 पासून फक्त इथेनॉलवरच्या गाड्या, नंतर काही वर्षं नव्या गाड्यांत त्याच जास्त खपत होत्या. मग तेल उतरलं, साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि 1989-90 च्या सुमारास पंपावर इथेनॉलच मिळेना, लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. 2003 ला फ्लेक्स गाड्या आल्या, दोन्ही इंधनं कुठल्याही प्रमाणात चालतात, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता तिथला माणूस पंपावर हिशोब करतो, इथेनॉल पेट्रोलच्या 70 टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तरच भरायचं, कारण लिटरमागे ऊर्जा साधारण दोन तृतीयांशच.

उनाड_वारा:
वायरमन +1, पण मग डेन्मार्क आणि फ्रान्सची उदाहरणं देताना जपून. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची 90 टक्के ऊर्जा आयात तेलावर होती, रविवारी गाडी काढायला बंदी घातलेली. पण तेव्हा तेल वीजकेंद्रांत आणि घरं गरम करायला जळत होतं म्हणून ते हटवता आलं, आणि वीजकेंद्रं आधी गेली कोळशावर बरं का, पवनचक्क्यांचं कौतुक नंतरचं. फ्रान्सने 1974 ला अणुऊर्जा धरली त्यामागेही तेलावरची वीज हेच कारण.

झोपाळू:
भारी! पण समोरचे म्हणतील बॅटरी तरी कुठे घरची, तेलवाल्यांच्या तावडीतून सुटून चीनच्या तावडीत.

वायरमन:
म्हणणारच, आणि त्यात तथ्य आहे, लिथियम शुद्ध करण्याचं बरंचसं काम चीनमध्येच होतं, ते नाकारत बसू नकोस. फरक हा की तेल आज आणलं, उद्या जळालं, परवा परत आणा. बॅटरीचा पुरवठा थांबला तर नव्या गाड्या अडतील, रस्त्यावरच्या चालूच राहतील. तेल थांबलं तर साठा किती दिवसांचा? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा सदस्य देशांना नियमच 90 दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा आहे. ह्या 90 दिवसांवर एक मिनिट घालव.
विमानांचं काढलं तर सरळ सांग की तिथे अजून सोय नाही, आणि पुढे जा.