सोनोग्राफी नॉर्मल, तरी लेकीचं दुखणं थांबेना

प्रश्न: लेक २४ वर्षांची. पाळीत पोट धरून फरशीवर बसते, शौचालाही कळा येतात. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल. म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) नाहीच ना?

उत्तर: नाही हो ताई, असं समजू नका. मी सोनोग्राफी करते. या आजाराचे वरवरचे ठिपके त्यात सहसा दिसतच नाहीत. योनीमार्गातून केली तर चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ, दुधी काचेसारखी दिसते. प्रोबने (सोनोग्राफीच्या दांडीने) हलकं दाबून गर्भाशय आतड्यावरून सरकतं का, तेही बघते. चिकटलं असेल तर दोन्ही एकत्रच हलतात. ‘नेमकं इथेच दुखतं का?’ हे मी दरवेळी विचारते.

प्रश्नकर्ती: लग्न झालेलं नाही तिचं.

उत्तर: मग गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारा. शौचाच्या कळा डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखी एक: मलाही सहा वर्षं ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणाले. दुसरीकडे जा, ताई.