बाळाचा मधल्या वेळचा खाऊ: काय दिलंत, काय बंद केलंत?

लेक दहा महिन्यांची. सोमवारपासून पाळणाघर. तिथल्या मावशी म्हणाल्या, "डब्यात काहीतरी सुका खाऊ द्या, सगळ्या जणी बिस्किटंच देतात." आमच्याकडे बिस्कीट अजून आलेलं नाही, म्हणजे मी आणलेलं नाही. आजोबांच्या खिशात असतं असा दाट संशय आहे. तुम्ही काय दिलंत, काय अंगाशी आलं, लिहा. नुसत्या पाककृती नकोत, घडलेलं सांगा.
– ओवीची आई, पुणे

आमच्याकडे फुटाण्याने घाम फोडला. पोरगा अकरा महिन्यांचा. मी पेपर वाचत फुटाणे खात होतो, एक खाली पडला. हा रांगत आला नि उचलून तोंडात. खोकला असता तर मी एवढा घाबरलो नसतो; पण तोंड उघडं आणि आवाजच नाही. मी घशात बोट घालायला निघालो, बायकोने हात झटकला. त्याला हातावर पालथा घेतला, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने थापा मारल्या. चौथ्या थापेला फुटाणा फरशीवर. डॉक्टर नंतर म्हणाले, वस्तू दिसत नसताना बोट घातलं की ती आणखी आत जाते. पाच थापा, तरी नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि एकीकडे कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन. बायको हे बाळंतपणाआधीच्या वर्गात शिकली होती. मी तेव्हा खाली गाडीला जागा शोधत होतो. आता द्राक्ष उभं चिरून चार फोडी, सफरचंद वाफवून, गाजर शिजवून. फुटाणे, दाणे, पॉपकॉर्न वरच्या फडताळात.
– एक बाबा, ठाणे

नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची. चमचाभर पीठ थंड पाण्यात कालवून मगच आधणात सोडा, गुठळी होत नाही. सून म्हणाली, वर्षापर्यंत साखर, गूळ, मीठ काही घालायचं नाही. म्हटलं, अळणी कोण खाणार? नातू वाटी चाटून पुसून खातो, चाखून तोंड मीच वाकडं केलं. मधावरून मात्र आमची चांगलीच जुंपली. आमच्यात बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. शेवटी डॉक्टरांनीच फोनवर समजावलं: मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. अंगठी चाटवली, कोरडी.
– आजी, राजापूर

"नाचणी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं बिस्कीट आणलं. घरी येऊन पुडा उलटा केला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिला मैदा, दुसरी साखर, मग पामतेल, मग कुठे नाचणीबाई. पुडा नवऱ्याने संपवला.
– नाशिककर

इकडे तांदळाच्या गोल कुरकुरीत चकत्या बाळांच्या हातात सर्रास दिसतात, मीही दिल्या. मग आरोग्य केंद्रातल्या नर्सने सांगितलं की स्वीडनच्या अन्न खात्याचा सल्ला आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना या चकत्या नकोत. तांदळात आर्सेनिक उतरतं. भात चालतो, पण रोज रोज नको. चुरमुऱ्यांवर वाढलेल्या मला हे पचायला आठवडा लागला. आता ओटच्या पिठाची धिरडी, बोटाएवढ्या पट्ट्या कापून.
– स्टॉकहोमहून

अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, पण दाण्याचं कूट आम्ही सातव्या महिन्यातच सुरू केलं, अगदी बारीक, पेजेत मिसळून. पूर्वी दाणे उशिरा द्या म्हणायचे. 2015 मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात उलटं दिसलं: ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त, त्या बाळांना लवकर सुरू केलं तर दाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. आमच्या बाळाला इसब होता, म्हणून डॉक्टरांना विचारूनच केलं. पहिल्या दिवशी पाव चमचा, तोही सकाळी, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो.
– नागपूरहून

सगळ्यांचे आभार. डबा ठरला: उकडलेल्या रताळ्याच्या बोटाएवढ्या फोडी आणि मऊ धिरडं. मावशींना सांगितलंय, बसवूनच भरवा, खेळता खेळता नको. ठाण्याचा अनुभव वाचून आजोबांचा खिसा तपासला. बिस्कीट नव्हतं. फुटाणे होते.
– ओवीची आई